शेजाऱ्याचं घर सुटायची वेळ आली, तर शेजाऱ्यांनी काय करावं

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या काकूंनी दुधाचा रतीब एका लिटरवरून अर्ध्यावर आणला आणि पुढच्या महिन्यात बंदच केला. काका जाऊन आठ महिने झाले होते. घरात त्या आणि नववीतला मुलगा. दोघांना दूध लागतं किती, असं आम्ही समजलो. चार महिन्यांचं भाडं थकलंय आणि मालकाची नोटीस फ्रीजवर चुंबकाने लावलेली आहे, हे आम्हाला कळलं ते काकू किराणा दुकानात पुठ्ठ्याची खोकी मागायला गेल्या तेव्हा. रोज जिन्यात भेटत होतो आम्ही. त्या धावपळीत जे जमलं आणि जे चुकलं, ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आधी एकाच माणसाने जावं

सोसायटीचं शिष्टमंडळ घेऊन जाऊ नका. ज्याचं त्या घरात उठणं-बसणं आहे, त्याने एकट्याने, निवांत वेळी जावं. पैशाचा विषय पहिल्यांदा काढू नये. "काही कागद आलाय का?" एवढंच विचारावं. माणसं कर्ज सांगतात, आजार सांगतात, पण भाडं थकलंय हे सांगताना जीभ अडते. आणि त्यांना काय हवंय ते विचारा: इथेच राहायचंय, लहान जागा चालेल, की गावी जायचंय? आम्ही परस्पर ठरवलं होतं की त्यांना इथेच ठेवायचं. काकूंना मात्र मुलाच्या शाळेजवळची, भाडं झेपेल अशी एक खोली हवी होती.

मग कागद

यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा. काकूंचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत होते: करार, नोटीस, पासबुक, वीजबिलं, काकांचा मृत्यूचा दाखला. सगळं जमिनीवर पसरून तारखांप्रमाणे लावलं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

बघायचं हे, की शेजारी कायद्याने भाडेकरू आहे की लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायच्या परवानगीवर, राहतोय. बोलताना दोन्हीला आपण भाडंच म्हणतो, पण फरक मोठा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे थकबाकीसाठी भाडेकरूवर दावा लावण्याआधी मालकाला लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी व्याजासह आणि खर्चासह कोर्टात भरली, तर त्या कारणासाठी घर जात नाही. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे आणि भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला मनाई आहे.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचं तसं नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते. त्यानंतर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई द्यायची पाळी येऊ शकते. सक्षम प्राधिकाऱ्याचं, म्हणजे जागा रिकामी करून घ्यायचे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, समन्स आलं तर बाजू मांडायची परवानगी 30 दिवसांत मागावी लागते; तो कागद पाकिटात तसाच राहिला तर सगळं हातचं जातं. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" हा सल्ला अशा शेजाऱ्याला चुकूनही देऊ नका. काकूंचा करार संपायला सात आठवडे होते, आणि आमचं सगळं गणित त्या सात आठवड्यांत बसवावं लागलं.

कोणी मालक कोर्टाच्या आदेशाशिवाय कुलूप बदलू लागला किंवा सामान बाहेर काढू लागला, तर 112 ला फोन करा आणि शेजाऱ्यांनी तिथे उभं राहा. बाचाबाची नको, मोबाइलवर चित्रण करा.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन 15100.

मालकाशी बोलणी

दोघांनी जावं, त्यातला एक शांत डोक्याचा. काकूंचे मालक स्वतः निवृत्त गृहस्थ, औषधपाणी त्या भाड्यावर चालणारे. त्यांना गुंड समजून गेलो असतो तर बोलणी तिथेच फिसकटली असती. थकबाकी 36,000, अनामत 30,000. अनामत वळती करून घ्यायची, उरलेले 6,000 आठवड्यात द्यायचे आणि करार संपेपर्यंतचं भाडं वेळेवर, असं ठरलं. जे ठरेल ते कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी.

पैसे

नव्या जागेची अनामत हा खरा डोंगर. वर्गणीचा विचार झाला, पण काकू तयार नव्हत्या. मग भिशी लावली. पंधरा घरं, महिना 2,000, पहिली उचल 30,000 काकूंना. दान नाही, त्यांचा हप्ता त्या स्वतः भरतात. थकबाकीचे 6,000 चौघांनी उसने दिले.

हिशेबाची वही एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे ठेवा. रक्कम थेट मालकाच्या खात्यात गेली तर नंतर वाद होत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकू नका, फोटो तर नकोच. आमच्यातल्या एकाने उत्साहाने टाकलं, आणि ते मुलाच्या वर्गापर्यंत पोचलं. पोरगा दोन दिवस शाळेत गेला नाही. ही चूक मला अजून सलते.

जागा सोडावीच लागली तर

टेम्पो, माणसं, दोन दिवसांचे डबे हे सोपं असतं. पत्ता बदलणं किचकट: रेशन कार्ड, गॅस, बँक, आधार. एका शेजाऱ्याने सोबत जाऊन हे पुरं करावं. मूल आठवीपर्यंतचं असेल तर दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मधल्या दिवसांसाठी एखादी रिकामी खोली बघा. काहीच नसेल तर महापालिकेच्या बेघर निवाऱ्याची चौकशी करा. संकटातल्या बाईसाठी 181, मुलांसाठी 1098, ज्येष्ठांसाठी 14567. आणि सासरची माणसं बाईला घराबाहेर काढत असतील, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, हे तिला सांगा.

काकू आता मागच्या गल्लीत राहतात. नवा करार त्यांनी नोंदवून घेतला आहे. तो संपायच्या दोन महिने आधीच्या तारखेला मी माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये पेनाने गोल केला आहे, आणि काकूंनी त्यांच्या.