एकतर्फी सुपर बोल कसा पाहावा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, एकतर्फी झाला की लोक मध्यंतरातच उठून जातात. मला ते कधीच पटलं नाही. अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत काहीही होऊ शकतं, आणि त्यात कसब किती नि नशीब किती हे सांगणं कठीण असतं. एकतर्फी सामन्यात मात्र कारणं उघडी पडलेली असतात. म्हणून हा खेळ, विशेषतः त्यातला बचाव, कुणाला मनापासून शिकायचा असेल तर मी एकच सामना सुचवते: २ फेब्रुवारी २०१४, न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम, सिॲटल सीहॉक्स ४३, डेन्व्हर ब्रॉन्कोज ८.

निकाल आधीच माहीत असला तर उत्तमच. पुढे काय होणार ही धाकधूक नसल्यामुळे नजर चेंडूवरून हलवता येते, आणि खरं काम तेच आहे. सुरू करण्याआधी दोन आकडे लक्षात ठेवा. त्या मोसमात डेन्व्हरने ६०६ गुण केले होते. एनएफएलच्या इतिहासात तोपर्यंत कुठल्याच संघाने एका मोसमात इतके केले नव्हते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, पेटन मॅनिंग. त्याच्या नावावर ५५ टचडाउन पास होते, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवून देणारे पास. तोही विक्रमच. समोर सिॲटल, ज्यांनी अख्ख्या मोसमात सगळ्यात कमी, म्हणजे २३१ गुण दिले होते. सर्वोत्तम आक्रमण विरुद्ध सर्वोत्तम बचाव. या सामन्याकडे चढाओढ म्हणूनच पाहायला बसा, फज्जा म्हणून नाही.

पहिला डाव, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल, थांबवून थांबवून बघा. डेन्व्हर आपल्याच एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या त्या पट्ट्याच्या, जवळ आहे. गोंगाट प्रचंड. मॅनिंग काहीतरी सांगायला पुढे चालत येतोय आणि त्याच क्षणी फळीच्या मधला सेंटर मॅनी रामिरेझ स्नॅप करतो, म्हणजे डाव सुरू करायला चेंडू मागे सोडतो. चेंडू मॅनिंगच्या बाजूने मागे एंड झोनमध्ये जातो. डेन्व्हरचाच नोशॉन मोरेनो त्यावर झडप घालतो, पण तो एंड झोनमध्येच पकडला जातो. याला सेफ्टी म्हणतात: सिॲटलला २ गुण, घड्याळात फक्त १२ सेकंद. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, दोनच तर गुण. पण नियम असा की सेफ्टीनंतर गुण गमावणाऱ्या संघालाच किक मारून चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. म्हणजे गुणही गेले आणि पाळीही, म्हणजे चेंडू घेऊन आक्रमण करण्याची संधीही, गेली. सिॲटलने त्याच पाळीत फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू खांबांमधून किक मारून, ५-० केलं.

आता नजर चेंडूवरून काढा. सिॲटलच्या पांढऱ्या जर्सीतला ३१ नंबर शोधा: कॅम चॅन्सलर. त्याच्या मागे, मैदानाच्या मधोमध खोलवर २९ नंबरचा अर्ल थॉमस असतो, तर दोन्ही कडांना रिचर्ड शर्मन आणि बायरन मॅक्सवेल. या तिघांनी मागचा भाग वाटून घेतल्यामुळे चॅन्सलरला पुढे येऊन दबा धरता येतो. टीव्हीचा कॅमेरा खोलवरचे खेळाडू नेहमी दाखवत नाही, म्हणून रिप्ले आला की तो चुकवू नका. डेन्व्हरच्या दुसऱ्या पाळीत त्यांचा डेमॅरियस थॉमस आडवा धावत आखूड पास घेतो आणि चॅन्सलर त्याला अक्षरशः मागे फेकतो. मी हा खेळ ज्यांना ज्यांना दाखवला त्यांना इथेच विचारते: पास पकडला गेला, मग जिंकलं कोण?

त्याचं उत्तर आकड्यांत आहे. डेमॅरियस थॉमसने त्या रात्री १३ झेल घेतले, तेव्हाचा सुपर बोल विक्रम, पण यार्ड मिळाले ११८. मॅनिंगचे ४९ पैकी ३४ पास पूर्ण झाले, यार्ड मात्र २८०. दर पासमागे सहासुद्धा नाहीत, मोसमात हीच सरासरी आठच्या वर होती. सिॲटलने झेल घेऊ दिले, झेलानंतरची धाव घेऊ दिली नाही. प्रत्येक झेलानंतर मनातल्या मनात मोजा: टॅकल कितव्या पावलावर झाला, म्हणजे त्याला कितव्या पावलावर पाडलं? सामन्याचा निम्मा अर्थ या मोजणीतच कळतो.

उरलेला अर्थ दुसऱ्या क्वार्टरच्या (सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्याच्या) शेवटी, स्कोअर १५-० असताना कळतो. मॅनिंग हात मागे नेतो, सिॲटलचा ५६ नंबरचा क्लिफ एव्हरिल कडेने वळसा घेत येतो आणि पास सुटत असतानाच हाताला धक्का देतो. चेंडू हवेत लटपटतो, खाली ५३ नंबरचा माल्कम स्मिथ उभा असतो. तो चेंडू पकडून ६९ यार्ड धावत जातो, टचडाउन, २२-०. हा डाव तीनदा बघा. एकदा एव्हरिलकडे, एकदा मॅनिंगच्या हाताकडे, एकदा स्मिथकडे. लोकांना आठवते ती स्मिथची धाव, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. पण माझ्या मते तो डाव एव्हरिलच्या पहिल्या दोन पावलांत जिंकला गेला.

मध्यंतराला उठू नका. दुसऱ्या हाफच्या पहिल्याच किकवर, पुन्हा १२ सेकंदांतच, सिॲटलचा पर्सी हार्विन टप्पा पडलेला चेंडू उचलून ८७ यार्ड धावतो. दुखापतीमुळे मोसमभर तो जवळजवळ बाहेरच होता. किक मुद्दाम आखूड मारली होती ती त्याला धावायला जागा मिळू नये म्हणून. त्याच्याकडे नको, त्याच्यापुढे अडवणाऱ्यांकडे बघा. वाट तेच मोकळी करतात.

इथून पुढे कागद घ्या आणि दोनच गोष्टी टिपा: प्रत्येक पाळी कुठून सुरू झाली आणि कशी संपली. शेवटी गंमत दिसेल. एकूण यार्ड सिॲटलचे ३४१, डेन्व्हरचे ३०६. फरक जेमतेम ३५ यार्डांचा, आणि गुणांत ३५ चाच! पण डेन्व्हरने चेंडू चारदा गमावला, सिॲटलने एकदाही नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मॅक्सवेल डेमॅरियस थॉमसच्या हातातून चेंडू उडवतो, ते नीट बघा. चांगला लांब झेल घेऊन तो पुढे पळतोय, आणि त्याच धावेत चेंडू जातो. थोड्याच वेळात सिॲटलचा जर्मेन कर्स टॅकलमागून टॅकल झटकत टचडाउन करतो: ३६-०.

चौथा क्वार्टर थोडा पळवला तरी चालेल. डेन्व्हरचे आठ गुण तिसऱ्याच्या अगदी शेवटी येऊन गेलेले असतात.

एक काम टाळा: “मॅनिंग ढेपाळला” एवढं म्हणून विषय संपवू नका. सिॲटलच्या पुढच्या चौघांनी, जास्तीची माणसं न पाठवता, त्याला घाई करायला लावली आणि मागच्या सातांनी जागा बंद केल्या. हे दिसलं की पुढचा सामना घ्या: ७ फेब्रुवारी २०२१, टँपा बे ३१, कॅन्सस सिटी ९. तिथे कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला एकही टचडाउन पास जमला नाही. या वेळी बचाव नव्हे, कॅन्सस सिटीची आक्रमक फळी बघा. तिचे दोन्ही नेहमीचे ‘टॅकल’, म्हणजे फळीच्या टोकांना उभे राहून क्वार्टरबॅकला वाचवणारे खेळाडू, दुखापतीमुळे मैदानाबाहेर होते. चेंडू सुटला की फळीच्या दोन टोकांकडे नजर ठेवा आणि महोम्स किती लवकर मागे पळायला लागतो ते मोजा.