लॉनच्या कडेला रास्पबेरी कशी लावावी

न्यू जर्सीत घर घेतलं की लॉन त्याच्याबरोबर येतंच. रास्पबेरीची हौस मागून येते आणि तिची जागाही ठरलेली असते: मागच्या कुंपणालगत, जिथे ऊन भरपूर आहे आणि गवत आधीच वाढलेलं आहे.

कागदावर पाहिलं तर दोघांचं चांगलं जमायला हवं. दोघांना ऊन हवं, आठवड्याला साधारण एक इंच पाणी हवं आणि किंचित आम्ल माती हवी. इथल्या लॉनच्या गवताला ६ ते ७ सामू (मातीची आम्लता सांगणारा आकडा, pH) मानवतो, रास्पबेरीला साधारण ५.६ ते ६.५. म्हणजे ६.२ च्या आसपास दोघंही सुखात राहतात. अडचण येते ती वेळेची. गवताला ज्या महिन्यात खत घालायचं, त्याच महिन्यात रास्पबेरीला ते मुळीच द्यायचं नसतं. भर उन्हाळ्यात गवत तपकिरी होऊन पडलं तरी बिघडत नाही, रास्पबेरीला मात्र तेव्हाच पाणी चुकवून चालत नाही. हे ध्यानात ठेवून वर्षभराची कामं लावली की बाकीचं सोपं आहे.

आदल्या वर्षीचा ऑगस्ट-सप्टेंबर: जागा तयार करा

एप्रिलमध्ये रोप आणून लॉनमध्येच खड्डा खणायचा, असं करू नका. रास्पबेरीची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि गवताची मुळंही तिथेच. नवं रोप या झटापटीत हरतं. कुंपणालगत तीन ते चार फूट रुंदीचा पट्टा दोरी लावून आखा आणि गवताचा वरचा थर मुळांसकट कुदळीने उचलून काढा. पाठीत जोर नसेल तर गवतावर पुठ्ठे अंथरून वर लाकडाच्या चिपांचं आच्छादन घाला. वसंतापर्यंत खालचं गवत मरतं.

कोणतं गवत आहे तेही पाहा. केंटकी ब्लूग्रास जमिनीखालून धावतं आणि पट्ट्यात पुन्हा घुसतं. टॉल फेस्क्यू बहुतांशी ठोंब्याने वाढतं, जागा सोडत नाही. पट्ट्याच्या बाजूला नव्याने बी टाकायचं असेल तर फेस्क्यूच टाका. त्यालाही ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मध्य हाच काळ उत्तम.

याच वेळी माती परीक्षण करून घ्या. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा ते करून देते. लॉनचा आणि पट्ट्याचा नमुना वेगवेगळा पाठवा. लॉनला सवयीने दरवर्षी चुना मारला जातो आणि तो पट्ट्यातही पडत राहतो. अहवालाने सांगितल्याशिवाय चुना नकोच.

आणखी एक. आपल्या लोकांच्या परसात टोमॅटो, वांगी, मिरच्या असतातच. त्या वाफ्यात पुढची तीन-चार वर्षं रास्पबेरी लावू नका. व्हर्टिसिलियम मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते आणि रास्पबेरीलाही धरते.

एप्रिल: लागवड

शेजाऱ्याने प्रेमाने देऊ केलेला फुटवा नम्रपणे नाकारा. त्यातून विषाणू येतात आणि त्यावर इलाज नाही. रोपवाटिकेतून रोगमुक्त, प्रमाणित रोपं घ्या. नवख्यांसाठी 'हेरिटेज' किंवा 'कॅरोलाइन' या शरदात फळणाऱ्या जाती सोयीच्या. त्यांची छाटणी सर्वांत सोपी. दोन-दोन फुटांवर लावा. मध्य आणि उत्तर भागातल्या चिकण मातीत पाणी साचून मुळं कुजतात, तिथे दहा-बारा इंच उंच गादीवाफा करा. दक्षिणेकडच्या रेताड जमिनीत याची गरज नाही, पण पाणी वरचेवर द्यावं लागेल.

रास्पबेरीला नत्र (नायट्रोजन) द्यायचं ते वसंतात. ऑगस्टनंतर दिलं तर कोवळी वाढ फुटते आणि थंडीत ती करपते. लॉनचं मुख्य जेवण नेमकं सप्टेंबरात असतं. त्यामुळे खत फिरत फेकणारं यंत्र पट्ट्याजवळ नेऊ नका, सरळ खाली सोडणारं वापरा. २०११ च्या राज्य कायद्याने माती परीक्षणाशिवाय लॉनला स्फुरद (फॉस्फरस) घालायला सहसा मनाई आहे आणि १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरमालकाला लॉनला खत घालता येत नाही.

खतापेक्षा धोकादायक आहे ती खत आणि तणनाशक एकत्र असलेली पिशवी. डँडेलियन मारण्यासाठी त्यात २,४-डी, डायकांबासारखी रुंद पानांची तणं मारणारी औषधं असतात. गवत वाचतं, पण रास्पबेरीचं पानही रुंदच! पट्ट्यालगत असली पिशवी उघडूच नये, आणि असं औषध पडलेल्या लॉनचं कापलेलं गवत आच्छादन म्हणूनही घालू नये.

जुलै: पाणी आणि भुंगेरे

तुषारांचं पाणी लॉनला चालतं. रास्पबेरीची फळं त्याने भिजतात आणि करडी बुरशी लागते. पट्ट्यात ठिबकची नळी टाका.

मग लॉनचे तुषार जुलैत बंद ठेवता येतात का? ठेवाच. पायाखाली चुरचुरणारं लॉन डोळ्याला बरं दिसत नाही, पण त्यात फायदा आहे. १९१६ मध्ये याच राज्यातल्या रिव्हरटन इथे अमेरिकेत पहिल्यांदा सापडलेला जपानी भुंगेरा उन्हाळ्यात रास्पबेरीच्या पानांची चाळणी करतो आणि अंडी घालतो ती ओलसर लॉनमध्ये. त्याची हुमणी, म्हणजे मातीतली अळी, शरदात गवताची मुळं खाते. कोरडी जमीन त्याला आवडत नाही. पानांवरचे भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून पाडा. बाजारातले सापळे टाळा. पकडतात त्याहून जास्त ते बोलावून आणतात.

वर्षभर: सीमा

रास्पबेरी लॉनमध्ये फुटवे काढणारच. त्यासाठी औषध नको, कापणी यंत्र पुरे आहे. गवत तीन इंचांवर राखताना तेही कापले जातात. पट्ट्यातली ओळ मात्र बुडाशी फूट-दीड फुटापेक्षा रुंद होऊ देऊ नका, नाहीतर आतल्या काड्यांना ऊन मिळत नाही. गवताकडची कड महिन्या-दोन महिन्यांनी कुदळीने सरळ तोडा.

शरदात फळणाऱ्या जातींच्या सगळ्या काड्या मार्चच्या सुरुवातीला, कोंब फुटण्याआधी, जमिनीलगत कापा. लॉन तेव्हा नुकतं हिरवं होऊ लागलेलं असतं. ओल्या मातीत त्यावर फार चालू नका, कापलेल्या काड्या पट्ट्यातच गोळा करून एकाच खेपेत बाहेर न्या.