वॉटरप्रूफ टॅब्लेट आणि खारं पाणी: शिडाच्या बोटीवर या चुका टाळा

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की मांडव्याच्या जेट्टीवर समुद्राचा नकाशा, म्हणजे चार्ट, बघायला घेतलेला एक तरी नवाकोरा रगेड (दणकट) टॅब्लेट दरवर्षी दिसतोच. मालक तो बादलीत बुडवून दाखवतो, वर काढतो, स्क्रीन चालू असते, बघणारे खूश. मला तेव्हाच कळतं की हा गृहस्थ डिसेंबरात गोव्याला निघणार आणि जयगडच्या अलीकडे मला फोन करणार: "काका, टॅब्लेट वेडा झालाय."

वेडा वगैरे काही नाही. बादलीत नळाचं पाणी होतं आणि समुद्र खारा आहे, एवढाच फरक.

वॉटरप्रूफ म्हणजे ओल्यात चालतो, असं धरून चालणं

खोक्यावरच्या आयपी ६७ चा अर्थ असा: एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी शिरत नाही. आयपी ६८ असेल तर खोली आणि वेळ कंपनीच ठरवते. ओली स्क्रीन बोटाचं ऐकेल, असं यात कुणीही म्हटलेलं नाही. 'मिलिटरी ग्रेड' या शब्दालाही भुलू नका. त्यामागच्या अमेरिकी लष्कराच्या ८१०एच मानकात दोन डझनांहून जास्त चाचण्या आहेत, त्यातल्या कुठल्या करायच्या ते बनवणारा निवडतो, आणि खाऱ्या धुक्याची चाचणी त्याने केलेली असेलच असं नाही.

बोट टेकलं की काचेवरच्या विद्युतक्षेत्रात जो बदल होतो तो ही स्क्रीन टिपते. खाऱ्या पाण्यातून वीज छान वाहते, म्हणून थेंब पडला तरी टॅब्लेटला बोटच वाटतं. दहा थेंब, दहा बोटं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. फेब्रुवारीत गोव्याहून मुंबईला परत येत होतो. गोव्याकडे खाली जाताना वायव्येचा वारा पाठीवर असतो, तेव्हा सगळेच शूर असतात. वर येताना तोच वारा तोंडावर येतो आणि दुपारनंतर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, लाट फुटली की पाणी थेट सुकाणूपाशी, कॉकपिटमध्ये. सुकाणूवर मित्राचा मुलगा होता. पुण्याचा, हुशार, पण नजर टॅब्लेटमधून हलायला तयार नाही. मालवण मागे टाकून देवगडकडे निघालो होतो. रूट मी आदल्या रात्री आखलेला, किनाऱ्यापासून चांगला तीन मैल बाहेरून. पोराच्या भरवशावर बोट सोडून मी खाली चहा टाकायला गेलो.

कप घेऊन वर आलो तर देवगडचं दीपगृह जेवढं दिसायला हवं त्याहून भलतंच मोठं दिसत होतं. खोली दाखवणारं मीटर १९ वरून ९ वर आलेलं. मी काही म्हणायच्या आत पोरगा म्हणाला, "काका, आपण लाइनवरच आहोत." आणि खरंच होतो! लाइनच सरकली होती. थेंबांनी पुढचा वेपॉइंट, म्हणजे रूटवरचा पुढचा बिंदू, पकडून किनाऱ्याकडे ओढत नेला होता. ॲपने निमूटपणे नवी रेघ आखली आणि पोरगा निमूटपणे तिच्यावरून चालला. बाजूच्या मासेमारी होडीतला तांडेल, म्हणजे तिचा प्रमुख, उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडत होता, "खंय चाललात? फुडे खडाप आसा!" म्हणजे पुढे खडक आहे. एवढा वेळ तो ओरडतोय हे आमच्या बहाद्दराच्या गावीही नव्हतं. सुकाणू फिरवलं. चहा सांडला तो सांडलाच.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी सांगतो. रूट आखून झाला की लगेच लॉक. ॲपमध्ये ती सोय नसेल तर ते ॲप माझ्या बोटीवर नको. प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहून सुकाणूजवळ लावतो. टॅब्लेटवरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळला नाही तर खरी पट्टी. टॅब्लेट सुकाणूच्या चाकासमोर न लावता स्प्रेहुडच्या, म्हणजे कॉकपिटसमोरच्या कापडी छपराच्या, आडोशाला ठेवतो, म्हणजे तो बघायला मुद्दाम वाकावं लागतं आणि उरलेला वेळ डोळे समुद्रावर राहतात. गोड्या पाण्याची फवारणीची बाटली आणि जुन्या पंचाचा तुकडा हाताशी असतो. नुसतं पुसलं तर मीठ काचेवर पसरतं, म्हणून आधी फवारा, मग पंचा. झूमसाठी बाजूची बटणं लावून घेता येत असतील तर पहिल्या दिवशीच लावा.

टॅब्लेट वर आणखी प्लास्टिकच्या पिशवीत घालणारे महाभागही आहेत. तो आत तापतो, मंद होतो आणि शेवटी बंद पडतो.

ओल्या पोर्टात चार्जर खुपसणं

रबरी झाकण उघडलं की तुमचं आयपी ६७ संपलं. आत खाऱ्या पाण्याचा थेंब असताना वीज सोडली की पिना डोळ्यांदेखत हिरव्या पडतात. मी डेकवर झाकण उघडतच नाही. खाली, कोरड्या हाताने, तेही पोर्टात टॉर्च मारून बघितल्यावर. बॅटरी बदलता येणारा टॅब्लेट घेतलात तर हा तापच वाचतो: एक आत, एक डब्यात.

आणि तो सिगारेट लायटरमधला स्वस्त चार्जर फेकून द्या. पाच व्होल्ट, एक अँपिअर म्हणजे पाच वॅट. उन्हात स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवली तर टॅब्लेट त्याहून जास्त खातो, म्हणून चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत राहते आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. शिवाय असल्या चार्जरमुळे व्हीएचएफ रेडिओवर खरखर येते ती वेगळीच.

झूमवर आंधळा विश्वास

ही चूक नवशिक्यांचीच, असं समजू नका. २९ नोव्हेंबर २०१४ ला शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणेच्या व्होल्वो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही बोट केपटाउनहून अबू धाबीकडे जाताना हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस या प्रवाळखडकांवर रात्री आदळली. बोटीवर कसलेले व्यावसायिक खलाशी, नऊच्या नऊ वाचले. चार्ट त्यांच्याकडे होते, पण पुरेसं झूम करून कुणी बघितलं नव्हतं. दूरून बघितलं की इलेक्ट्रॉनिक चार्ट बारीक तपशील लपवतो, आणि लपवलंय हे सांगत नाही. रूट आखल्यावर मी अख्खी रेघ मोठ्या झूमवर बोटाने सरकवत बघतो. मुंबई ते गोवा साधारण सव्वादोनशे सागरी मैल, तास जातो. कंटाळा येतो. ज्याला हा तास जड वाटतो त्याने मांडव्याला जेवून परत यावं.

उलटी चूकही आहेच. कितीही झूम केलं तरी सर्वेक्षणात नसलेलं पाणी दिसणार नाही. बाणकोट, दाभोळसारख्या खाड्यांच्या तोंडची वाळू दर पावसाळ्यात हलते. मासेमारीच्या डोल जाळ्यांसाठी तळात रोवलेले खुंट तर कुठल्याच चार्टवर नाहीत, त्यासाठी कोळ्यांनाच विचारावं लागतं. शिवाय चार्टवरची खोली खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईचं पाणी त्यावर पाचेक मीटर चढतं, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला बरंच कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापाशी जिथून भरतीला होडी जाते तिथून ओहोटीला घोडागाडी जाते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तरी टॅब्लेट हातात आला की विसरतो.

बाकीच्या, पटापट

सिम नसलेला वाय-फायवाला आयपॅड घेऊ नका, त्यात जीपीएस चिपच नसते.

चार्ट घरी उतरवून घ्या, मग टॅब्लेट एअरप्लेन मोडवर टाकून ॲप उघडून बघा. काही ॲप भर समुद्रात पुन्हा लॉगिन मागतात.

टॅब्लेट होकायंत्राशेजारी लावू नका. स्पीकरमध्ये आणि कव्हरमध्ये चुंबक असतात.

रात्री स्क्रीन लाल आणि अगदी मंद ठेवा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, झगझगीत स्क्रीनकडे एकदा बघितलं की पुन्हा पहिल्यापासून.

दर तासाला अक्षांश-रेखांश वहीत. पेनाने नको, ओल्या कागदावर पेन्सिलच चालते.

आणि गॉगल. गेल्या मोसमात एकाचा खांदेरीजवळून फोन आला. स्क्रीन काळी ठिक्कर, दोनदा बंद-चालू करून झालं, वॉरंटीत बसेल का? मी विचारलं, गॉगल पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारा, आहे का. म्हणाला हो, महागातला आहे. म्हटलं, आधी तो काढ, नाहीतर टॅब्लेट आडवा कर.

पलीकडे जरा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग हळूच, "हां काका, दिसतंय."