गच्चीकडं किंवा बागेकडं उघडणारं लाकडी दार कसं निवडावं

आमच्या जुन्या गच्चीच्या दाराला घरात 'खांदेपालट' म्हणायचे. जून संपता संपता ते असं फुगायचं की खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही, आणि एक खांदा दुखला की दुसरा. तेच दार मार्चमध्ये इतकं आक्रसायचं की फटीतून पलीकडची तुळस दिसायची. नऊ वर्षं आम्ही लाकडाला शिव्या घातल्या. मग नवीन दार करायचं ठरलं, सुतारमामा आले, त्यांनी जुनं दार उतरवलं, उलटं केलं आणि खालची कड दाखवली. तिला पॉलिशचा हात कधी लागलाच नव्हता. "वहिनी, लाकूड बरं हाय की. नऊ वर्षं पायातनं पाणी पाजलंय तुम्ही ह्याला."

आतल्या खोलीचं दार आणि उघड्यावर जाणारं दार यांत हाच फरक. उघड्यावरच्या दाराचं आयुष्य पाणी ठरवतं. म्हणून वखारीत जायच्या आधी घरीच बरंच काम असतं. ते कोणत्या क्रमानं करावं, ते सांगते.

आधी पाऊस कुठून येतो ते बघा

आमच्या कोल्हापुरात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. गगनबावड्याच्या बाजूनं ढग उतरले की सर सरळ पडत नाही, तिरकी घुसते. तुमचं दार पश्चिमेला असेल तर त्याला चार महिने थेट मार. पूर्वेला किंवा उत्तरेला असेल तर निम्मी काळजी मिटली. पावसाळ्याआधी घर बघत असाल तर भिंतीवरचं शेवाळ बघा. जिथवर काळपट-हिरवा पट्टा चढलाय तिथवर पाणी पोचतं, हे भिंतीनंच लिहून ठेवलेलं असतं.

दारावर दोन फुटांचा छज्जा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाऊस पंचेचाळीस अंशांत तिरका आला तर दोन फुटांचा छज्जा दाराच्या वरच्या दोनच फुटांना आडोसा देतो. सात फुटी दाराचे उरलेले पाच फूट भिजतात. पश्चिमेच्या दाराला तीन फुटांचा छज्जा किंवा पत्र्याची पडवी करता येत असेल तर भारी लाकडावर खर्चायचे पैसे आधी तिथं घाला. आडोशाचं साधं दार उघड्यावरच्या उंची दारापेक्षा जास्त टिकतं.

मग उंबरा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात महाग हाच भाग पडतो.

गच्चीची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा किमान चार इंच खाली हवी. जमलं तर सहा ठेवा, कारण आज ना उद्या गच्ची गळणार, मग वर कोब्याचा किंवा वॉटरप्रूफिंगचा थर येणार, त्यावर परत फरशी, आणि तुमच्या चार इंचांतले दोन-अडीच इंच तिथंच गडप होणार. आमच्याकडं नेमकं हेच झालं होतं. उतार दारापासून लांब जाणारा हवा, दहा फुटांना सव्वा इंच तरी. पाणी जायचं भोक दाराच्या तोंडाशी नको. ते पाल्यानं तुंबलं की तळं तुमच्या उंबऱ्याशीच साचतं.

उंबरा दगडाचा करा, ग्रॅनाइट किंवा कडप्पा. त्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या आणि बाहेर आलेल्या कडेच्या पोटाला एक बारीक खाच मारून घ्या. पाणी दगडाला चिकटून आत वळायला बघतं, ते त्या खाचेपाशी सुटून खाली पडतं. लाकडी उंबरा दिसायला सुरेख, पण उघड्यावर सगळ्यात आधी तोच कुजतो. चौकटीचे पायही फरशीत पुरू नका, दगडावर उभे करा. लाकूड आडव्या कापलेल्या टोकाकडून पाणी ओढतं, नळीनं ओढल्यासारखं.

बागेच्या दाराला आणखी एक पथ्य. माती चौथऱ्याच्या बरीच खाली ठेवा आणि कुंड्या चौकटीला टेकवू नका. वाळवीला मातीतून लाकडापर्यंत चढायला तेवढा पूल पुरतो.

रुंदी आणि उघडायची दिशा

गच्चीवर काय काय जातं याची यादी करा. धुण्याची बादली, वाळवणाची खाट, उन्हाळ्यात चटणीसाठी मिरच्यांचं पोतं, गाद्या. सहसा तीन फूट मोकळी वाट पुरते. बागेकडं चार-साडेचार फुटांची जागा असेल तर लोक हौसेनं दोन सारख्या झडपा करतात. मला ते पटत नाही. दोन्ही झडपा सव्वादोन फुटांच्या होतात आणि हातात बादली असली की दर वेळी दोन्ही उघडाव्या लागतात. एक झडप तीन फुटांची आणि एक दीड फुटाची केली तर रोज मोठी वापरा; छोटी वर-खाली कड्या घालून बंद ठेवा, पाहुणे आले की उघडा.

आत उघडणारं दार खोलीतली जागा खातं, आणि वाऱ्याचा जोर त्याला चौकटीच्या खाचेपासून लांब ढकलतो, म्हणून पाणी फटीतून आत येतं. बाहेर उघडणारं दार वाऱ्यानं उलट घट्ट बसतं. पावसाच्या तोंडी मी बाहेर उघडणारंच घेईन. मात्र त्याच्या बिजागऱ्या बाहेर राहतात, त्यांची खीळ ठोकून काढता येणार नाही अशी पक्की हवी. शिवाय उघडं दार अडकवायला भिंतीत जाडजूड हूक बसवा, नाहीतर वळवाचा एकच झोत झडप आपटून काच आणि बिजागरी दोन्हीचा निकाल लावतो. जिन्याच्या तोंडाशी दार असेल तर ते पायऱ्यांवर उघडू देऊ नका, अंधारात पाय चुकतो.

आता वखार

महोगनीसारख्या रंगाचं, गुळगुळीत पॉलिश केलेलं तयार दार बघून भुलू नका. पॉलिशखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. कोरं लाकूड बघा, आणि बघताना टोकाकडून बघा. सागवानाचा मधला भाग सोनेरी-तपकिरी, तेलकट हाताचा, कापल्यावर चामड्यासारखा वास येणारा. कडेचा पांढुरका भाग मात्र वाळवीला आपला वाटतो. कोवळ्या, लागवडीच्या झाडात हा पांढरा भाग जास्त असतो, आणि बिलात तेही 'सागवान'च असतं. पांढरा पट्टा असलेली फळी बाहेरच्या दाराला घ्यायची नाही, एवढा एक नियम पाळलात तरी बरंच साधलं.

चंद्रपूर-बल्लारशाचं सागवान नावाजलेलं आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ते गेलं आणि तेव्हापासून प्रत्येक ओंडका बल्लारशाचाच निघायला लागला! दांडेलीचंही नाव घेतात. बाजारात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं सागवानही भरपूर असतं. त्यात चांगलं असतं, वाईटही असतं. गावाच्या नावापेक्षा फळीकडं बघा: गाठी किती, पांढरं किती, रेषा सरळ आहेत का.

सागवान परवडत नसेल तर फणसाचा विचार नक्की करा. घाट उतरलं की कोकणातल्या जुन्या घरांत फणसाची दारं सापडतात. नवं असताना पिवळंजर्द, पुढं तांबूस-तपकिरी होतं, आणि वाळवी त्याच्या सहसा नादाला लागत नाही. चौकटीला साल किंवा ऐन या झाडांचं लाकूड चालतं, पण नीट वाळलेलं नसेल तर तडकतं किंवा पिळवटतं. आंबा, पाइन, सिल्व्हर ओक ही लाकडं घराच्या आत ठेवा. फ्लश डोअर (थर चिकटवून केलेलं सपाट दार) लावायचंच असेल तर पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचं, म्हणजे बीडब्ल्यूपी दर्जाचं आणि आयएस २२०२ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं घ्या, तेही पूर्ण आडोशाला. उन्हापावसात त्याच्या कडा उमलतात.

लाकूड किती वाळलंय हे डोळ्यांनी कळत नाही. मॉइश्चर मीटर मागा. बऱ्याच मोठ्या वखारींत असतो. १० ते १४ टक्क्यांच्या आत आकडा हवा. १८-२० दाखवत असेल तर ती फळी तुमच्या घरी येऊन वाळणार, म्हणजे वाकणार. मीटर नसेल तर मामांची पद्धत: बोटाच्या पेरानं ठोका. वाळलेली फळी टणटण बोलते, ओली बद्द.

हिशेब घनफुटांत होतो, तो स्वतः करायला शिका. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. चार फुटी दाराची चौकट घ्या: उभे दोन सात-सात फूट, वरची गणेशपट्टी चार फूट, एकूण अठरा फूट. पाच इंच बाय अडीच इंच माप धरलं तर १८ × ५ × २.५ ÷ १४४ म्हणजे सुमारे १.५६ घनफूट. रंधा आणि करवतीत जाणारा चुरा वेगळा. भाव विचारताना तो कापीव मापाचा की रंधलेल्या मापाचा, हेही विचारा. वाद नेहमी तिथंच होतात.

बांधणी

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, कितीही महागाचं असलं तरी. म्हणून सलग रुंद फळ्यांचं दार उघड्यावर त्रास देतं आणि पॅनेलचं टिकतं: बाहेर अरुंद पट्ट्यांची चौकट, आत खाचेत बसवलेली पॅनेलं. पॅनेलला गोंद किंवा खिळा लावायचा नाही, ते खाचेत मोकळं राहिलं पाहिजे. घाईत काम करणारा कारागीर हमखास गोंद ओततो आणि पहिल्याच मे महिन्यात पॅनेल मधोमध फाटतं. समोर उभं राहून बघा.

झडपेची जाडी ३५ मिलीमीटरच्या खाली नको. खालच्या कडेला बाहेरून एक उतरती लाकडी पट्टी मारून घ्या, तिच्याही पोटाला खाच. दारावरून ओघळलेलं पाणी उंबऱ्याच्या पलीकडं पडतं.

काच हवी असेल तर वरच्या भागात, टफन्ड, किमान ५ मिलीमीटर. ही काच नंतर कापता येत नाही, त्यामुळं झडप तयार झाल्यावरच माप द्या. काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आतल्या बाजूनं असाव्यात. बाहेरून असल्या तर चोराला स्क्रूड्रायव्हर पुरतो. पश्चिमेला मोठी काच म्हणजे एप्रिलमध्ये संध्याकाळी खोलीची भट्टी, एवढं लक्षात ठेवा.

बिजागऱ्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा भरीव पितळेच्या, चार इंची, प्रत्येक झडपेला तीन. स्क्रूही त्याच धातूचे. लोखंडी स्क्रू गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ सोडतात.

नदीकाठच्या भागात राहत असाल तर

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्यांच्या बागेत शिरलं त्यांनी बागेकडच्या दारात फ्लश डोअर किंवा कोणतंही थराथराचं लाकूड अजिबात घालू नये. थर सुटले की ते दार गेलंच. भरीव सागवान चार दिवस पाण्यात राहूनही बहुतेक वेळा वाचतं, पण पाणी ओसरल्यावर चिखल धुऊन सावलीत, हवेशीर जागी हळूहळू वाळवावं लागतं. घाईनं उन्हात ठेवलं तर पीळ पडतो. बिजागऱ्या अशा घ्या की झडप दहा मिनिटांत उतरवून माडीवर नेता येईल.

बसवायची वेळ आणि पॉलिश

काम शक्यतो पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला काढा. लाकूड आणून दोन-तीन आठवडे घरातच, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, म्हणजे त्याला घरच्या हवेची सवय होते. मे महिन्यात बसवत असाल तर भोवती तीनेक मिलीमीटर फट सोडायला सांगा. घट्ट बसलेलं दार बघून मे महिन्यात खूश होणारा माणूस जुलैत खांदा चोळतो.

पॉलिश झडप टांगायच्या आधी सहाही बाजूंना झालं पाहिजे: पुढून, मागून, दोन्ही उभ्या कडा, वरची कड आणि खालची. बाहेर वापरायचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा ऑइल पेंट चालेल. मेलामाइन आणि लाखेचं पॉलिश आतल्या दारांना ठेवा. ऊन-पाण्यात एक तडकतं, दुसरं पांढरं पडतं. अळशीचं तेल मला सगळ्यात आवडतं, कारण ते सोलवटत नाही आणि दर वर्षी मे महिन्यात घरच्या घरी चोळता येतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मजुरीचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. दार बसलं, पॉलिश वाळलं की बाहेरून नळी धरा, वाऱ्याच्या दिशेनं तिरकी, पाच मिनिटं. आत एक माणूस सुकं फडकं घेऊन उंबऱ्याशी बसवा. आमच्याकडं मामांनी स्वतःच आत बैठक मारली, फडकं उलटंपालटं करून बघितलं आणि मग म्हणाले, "आता द्या पैसे."