हिपॅटायटिस बीची वही कशी ठेवावी

पहिल्या खेपेला, तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत माझं एचबीएसएजी, म्हणजे यकृताला लागणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूची रक्तातली खूण, पॉझिटिव्ह आलं. बाळंतपणानंतरही तेच. विषाणू सहा महिन्यांच्या वर टिकला की आजार जुनाट धरतात. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण त्याला हुसकावून लावतात. जन्मताच झाली तर नव्वद टक्के बाळांत तो ठाण मांडतो. मला तो आईकडूनच आला असावा.

दोनशे पानी वही घ्या. रकाने आखा: तारीख, एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्ततपासणी), एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे त्याचा आकडा), गोळी. एकटा एसजीपीटी कधीच वाचू नका. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. आपल्याच पांढऱ्या पेशी त्याने घर केलेल्या यकृतपेशींवर तुटून पडतात, त्या फुटल्या की एसजीपीटी रक्तात उतरतं. डीएनए कोटींत आणि एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे शरीर अजून लढायलाच उठलेलं नाही. एसजीपीटी चढतंय, डीएनए उतरतोय, म्हणजे झुंज लागली आहे. कधी त्यातूनच एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) जाऊन अँटी-एचबीई (तिच्याविरुद्धचं प्रतिपिंड) येतं, कधी यकृतच कोसळतं. म्हणून आकडा चढला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मी हे भोगलंय. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून टेनोफोविरची गोळी बंद केली. गोळीने विषाणूची वाढ थांबते, पण पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए दबा धरून असतो. चार महिन्यांत एसजीपीटी ३८ वरून ९१२! लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे हळदीसारखे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एवढं माझं ऐकाच.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढेही नकोत. गुळवेलीने यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. कुठल्याही दुखण्यासाठी स्टेरॉइड किंवा केमो सुरू होणार असेल तर आधी ही वही पुढे ठेवा. या औषधांनी प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की विषाणू उसळतो. गोळ्या परवडत नसतील तर सरकारच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिस कार्यक्रमात मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस द्या. ताट-वाटी वेगळी मांडू नका, जेवणातून हा पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे.

गरोदर असाल तर प्रसूतीआधीच बाळासाठी दोन इंजेक्शनांची सोय बघून ठेवा: लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं). माझ्या लेकीला जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन्ही मांड्यांत एकेक दिलं. पुढचे डोस वेळेवर घेतले आणि वर्षाची झाल्यावर रक्त तपासलं. वहीच्या शेवटच्या पानावर तिचं लिहिलंय: एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह. म्हणजे लागण नाही, संरक्षण आहे.