रोड सायकल आणि गुडघ्याच्या वाटीपुढची कळ
चाळिशीत पहिल्यांदा रोड सायकल घेतली, पणजी-जुने गोवे, रस्ता सपाटच, तरी रायबंदरला पोचेस्तोवर गुडघ्याच्या वाटीच्या पुढे कळ यायची. नीकॅप, बाम, आठ दिवस आराम, सगळं करून झालं, वैताग नुसता. दोष सीटचा, खूप खाली होती.

सायकल भिंतीला टेकवून बसलो, टाच पॅडलवर ठेवून उलटं फिरवलं, पॅडल सगळ्यात खाली गेल्यावर पाय सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकलेला. मग सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांडीला, जुन्या उंचीवर टेप लावली, 5 मिमीच्या ॲलन कीने (षटकोनी चावीने) दांडी धरणारा क्लॅम्प सैल केला, दरवेळी 5 मिमीच वर, परत टाच. सीट एकूण 2 सेमी वर गेली (दांडी कमीत कमी किती आत हवी ते दाखवणारी पोस्टवरची मिनिमम खूण फ्रेमच्या आतच ठेवा हां). चालवताना कंबर डावी-उजवी डुलली तर थोडी खाली घ्या. तिसऱ्या राईडला कळ बंद, सिग्नलला मात्र आता सीटवरून उतरावं लागतं.