होडीचं डिझेल इंजिन खोलून नीट करायचं आणि मग रंगवायचं, ते कसं

बडोद्यातल्या ज्या मंडळींच्या होड्या चांदोदला नर्मदेत चालतात त्यांनी पावसाळ्यात, नदी फुगलेली असताना, इंजिन काढून घरी आणावं आणि खोलाखोली तेव्हाच उरकून घ्यावी. फक्त शेवटचा रंग दसऱ्यानंतर, दमट हवेत एनामल धड सुकत नाही. मी सांगतोय ते सिंगल सिलिंडर, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं.

होडीतून काढण्याआधी थोडं चालवा आणि गरम असतानाच ऑइल सोडा, गाळ पण सोबत येतो. चहासारखं दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, बहुतेक हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, त्याखालचं पॅकिंग) गेलंय नाहीतर लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याची, रबरी रिंग. मग रॉकेलने बाहेरून धुवायचं आणि एकेक पाइप सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. कॉस्टिक सोडा मात्र नको, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, कॉस्टिक त्याला खातं.

हेड उतरलं की पाण्याच्या वाटा बघा, नदीचा गाळ तिथे बसतो आणि मग इंजिन तापतं, तार घालून मोकळं करा. पिस्टनची नवी रिंग एकटीच लायनरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला, टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त आली तर लायनरच झिजलाय, नुसत्या रिंगा बदलून धूर जाणार नाही. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून घासा, सीटवर सगळीकडे सारखी राखाडी कडी दिसेपर्यंत, मग पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेत) रॉकेल ओता, झिरपलं तर परत घासा. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) आणि फ्युएल पंप घरी उघडूच नका, पंपवाल्याकडून टेस्ट करून आणा. आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीच नाही, डिझेल कातडीत घुसतं.

आता रंग. भाग सुटे आहेत तोवरच वायर ब्रश मारून, थिनरने पुसून बाहेरच्या बाजूला रेडऑक्साइड प्रायमर लावून टाका, गॅस्केट बसतं ती जागा सोडून. जोडताना हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. नवं ऑइल भरणं, टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट जुळवणं, डिझेलच्या लाइनमधली एअर काढणं, हे झालं की चालवून बघा, गळतंय ते आवळा, थंड झाल्यावर परत थिनरने पुसून मगच एनामल. गडद हिरवा छान दिसतो खरा, पण मी फिका राखाडीच मारा म्हणेन, ऑइलची बारीक रेघसुद्धा लगेच कळते. नोझल, पंपाचा लिव्हर, नंबरप्लेट टेपने झाका. सायलेन्सरला साधा एनामल लावलात तर पहिल्याच फेरीत जळून वास सुटेल, तिथे लोखंड स्वच्छ घासून, रेडऑक्साइड न लावता, हीटप्रूफ ॲल्युमिनियम पेंटचे दोन पातळ हात.